आमच्या विहिरीचे पाणी तात्यांकडे गेले : विहीर पुनर्भरणाचा अनुभव

पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागात आमची साडेचार एकर जमीन आहे. त्यात दोन एकर अंजीर, एक एकर सीताफळ आणि उरलेल्यात ज्वारी-बाजरी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझे यजमान कायमचे मळ्यात राहायला आलो. तेव्हापासून आमच्या सगळ्या दिवसांचा हिशेब एका विहिरीभोवती फिरतो आहे. मार्च २०२४ मध्ये ती विहीर आटली. त्यानंतरच्या सुमारे चौदा महिन्यांत विहीर पुनर्भरणासाठी, म्हणजे पावसाचे वाहून जाणारे पाणी गाळून विहिरीत सोडण्यासाठी, आम्ही जे केले, जे चुकले आणि त्यासाठी जो वेळ व पैसा लागला, ते सगळे येथे क्रमाने लिहीत आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा अशी सविस्तर माहिती एका ठिकाणी मिळाली असती तर आमचे निदान दोन महिने वाचले असते.

२०२३ चा पाऊस अनेकांच्या लक्षात असेल. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि त्यात आमचा तालुका होता. दिवाळीपर्यंत विहिरीत पाणी दिसत होते, त्यामुळे आम्ही धीर धरून राहिलो. जानेवारीत मोटार तासभर चालायची, फेब्रुवारीत वीस मिनिटे, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तळाला फक्त गाळाचे डबके उरले. अंजिराची पाने कडेने करपू लागली. सोळा वर्षे वाढवलेली झाडे डोळ्यांसमोर वाळताना पाहणे किती जड जाते, हे ज्याने पाहिले असेल त्याला सांगावे लागणार नाही.

पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच आमचाही होता, तो म्हणजे बोअर. यापूर्वी २०१६ मध्ये २८० फूट आणि २०१९ मध्ये ४१० फूट अशी दोन बोअर आम्ही घेतली होती. पहिल्यातून फक्त धूळ निघाली. दुसऱ्याला दीड इंच धारेचे पाणी लागले आणि आठ महिन्यांत ते संपले. तरीही यजमानांनी पाणाड्याला बोलावले. त्याने तळहातावर नारळ घेऊन शेत पालथे घातले आणि उत्तरेच्या बांधाजवळ जागा दाखवली. गाडीवाल्याने ४५० फूट खोदाई आणि केसिंग (बोअरच्या भोकाला आधार देणारा पाइप) मिळून ७०,००० रुपये सांगितले. पाण्यात सोडायची मोटार, केबल आणि पाइप यांचे आणखी ५५,००० रुपये वेगळे.

मी फक्त एवढाच आग्रह धरला की या वेळी आधी परवानगीचे विचारावे. ग्रामपंचायतीत चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या, आणि त्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असायला हव्यात. पहिली अशी की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. हा नियम १९९३ च्या कायद्यापासून आहे. गावच्या नळयोजनेची विहीर पाणाड्याने दाखवलेल्या जागेपासून ३८० मीटरवर निघाली. दुसरी अशी की महाराष्ट्र भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम, २००९ हा कायदा १ जून २०१४ पासून लागू झाला असून त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' मानले आहे आणि शेतीसाठी अशा खोदाईवर बंधन घातले आहे. आमची दोन्ही जुनी बोअर या मर्यादेपलीकडची होती, आणि ती घेताना आम्ही कोणालाही काही विचारले नव्हते.

तेथेच एका ओळखीच्या शिक्षकांनी एका भूवैज्ञानिकांचे नाव सुचवले. त्यांचे शुल्क ४,००० रुपये होते. २४ मार्चला ते आले, आणि आल्यावर शेतात न जाता थेट विहिरीच्या काठावर बसले. ते म्हणाले, "बाई, तुमच्या जमिनीचा उभा छेद तुम्ही आधीच खणून ठेवला आहे, तो वाचू या."

आमची विहीर २५ फूट व्यासाची आणि सुमारे ४५ फूट खोल, म्हणजे गावच्या भाषेत सात परस. वरचे सहा-सात फूट माती आणि मुरूम. त्याखाली भेगाळलेला खडक. मग मांजऱ्या, म्हणजे पूर्वी वायूचे बुडबुडे असलेल्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला ठिपकेदार खडक. त्याखाली हातभर जाडीचा लाल गेरूसारखा पट्टा. आणि तळाशी काळा, घट्ट पाषाण. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग अशाच बेसॉल्टच्या थरांनी बनलेला आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे नसते. ते झिजलेल्या मुरमात आणि भेगांत असते, आणि त्याखालच्या घट्ट थरात जवळजवळ नसतेच. पाचशे फूट खाली गेल्यावर नदी लागते हा आमच्या भागातला पक्का समज आहे. वस्तुस्थिती अशी की बहुतेक बोअर वरच्याच पाण्याला खाली वाट करून देतात. केसिंग फक्त वरच्या मऊ थरापुरते असते, त्याखालचे भोक उघडे राहते, आणि उथळ भेगांतले पाणी त्यातून खालच्या कोरड्या भेगांत उतरते. आमच्या २०१९ च्या बोअरनंतरच विहीर दरवर्षी महिनाभर आधी आटू लागली होती, हे मला त्या क्षणी आठवले आणि मन फार खिन्न झाले.

त्यानंतर त्यांनी जो हिशेब सांगितला तो मी वहीत जसाच्या तसा उतरवला आहे. आमच्यासारख्या खडकाच्या एकूण घनफळापैकी जेमतेम २ टक्के जागेतले पाणी उपसता येते. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखालची पातळी एक मीटर वाढवायला दोन लाख लिटर पाणी मुरावे लागते, आणि दोन लाख लिटर उपसले की ती तितकीच खाली जाते. आमच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीने २०० लिटरचे पिंप २५ सेकंदांत भरते. तेव्हा दोन लाख लिटर म्हणजे फक्त सात तासांचा उपसा. पावसाचे बघायचे तर आमच्याकडे वर्षाला सरासरी ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये त्यातला साधारण ७ टक्के भाग मुरतो असे धरतात. म्हणजे हेक्टरी साडेतीन लाख लिटर. उसाच्या एका हेक्टरला वर्षभरात साधारण दोनशे लाख लिटर पाणी लागते. हा ढोबळ भागाकार केला तर एक हेक्टर उसासाठी ५७ हेक्टरांवर मुरलेला पाऊस लागतो. आमच्या शिवारात तेव्हा कालव्याचे पाणी नसताना सहा एकर ऊस उभा होता. चौथीच्या मुलांना मी भागाकार तीस वर्षे शिकवला, पण हा भागाकार कधी मांडून पाहिला नव्हता.

जाण्यापूर्वी त्यांनी आसपासच्या अकरा विहिरींची पाणीपातळी टेपने मोजली आणि कागदावर एक साधा नकाशा काढला. पाण्याचा उतार आमच्याकडून ओढ्याच्या दिशेने, म्हणजे तात्यांच्या विहिरीकडे होता. तात्या आमचे शेजारी. त्यांची विहीर आमच्यापासून उताराच्या बाजूला ७० मीटर अंतरावर आहे. भूवैज्ञानिकांनी स्पष्ट बजावले होते : "तुम्ही पुनर्भरण केले तर त्याचा काही भाग आधी त्यांना मिळेल. हे मान्य असेल तरच करा." आम्ही दोन रात्री यावर बोललो आणि मग करायचे ठरवले.

मनरेगातून वैयक्तिक विहीर पुनर्भरणाचे काम घेता येते हे कळल्यावर ३ एप्रिलला आम्ही अर्ज दिला. सात-बारा, आठ-अ, जॉब कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक आणि जागेचा फोटो एवढे जोडले. येथे पहिली अडचण निघाली. विहीर सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून १९६८ मध्ये खोदलेली, आणि सात-बाऱ्यावर तिची नोंदच नव्हती. चुलत दिरांकडून १०० रुपयांच्या मुद्रांकावर संमतीपत्र घेतले, तलाठ्यांकडे अर्ज केला, पंचनामा झाला आणि नोंद व्हायला पाच आठवडे गेले. तोवर लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता असल्याने नव्या कामांची मंजुरी थांबलेली होती. तेव्हाच्या नियमांप्रमाणे पावसाळ्यापूर्वी काम हवे असेल तर आदल्या वर्षीच्या १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते आराखड्यात घालून घ्यावे लागत होते. आणखी एक महत्त्वाचे : मंजुरीपूर्वी केलेल्या कामाचे पैसे मिळत नव्हते, कारण कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा असे तिन्ही फोटो स्थाननोंदीसह लागत होते. तेव्हा थांबायचे की स्वखर्चाने करायचे हे आधी ठरवून घ्यावे. झाडांची अवस्था पाहून आम्ही स्वखर्चाचा निर्णय घेतला. त्या उन्हाळ्यात अंजिरे टँकरवर जगवली. त्याचे ३१,००० रुपये गेले, आणि तरीही चाळीस झाडे वाळली.

११ आणि १२ मे रोजी यारी (विहिरीतला गाळ वर ओढणारे यंत्र) लावून गाळ काढला. चार फूट गाळ निघाला आणि त्याखाली दोन झऱ्यांची तोंडे मोकळी झाली; खर्च २६,००० रुपये. तो गाळ सीताफळाच्या आळ्यांत घातला. पुढच्या आठवड्यात पुनर्भरणाचे खड्डे घेतले. शेताच्या वरच्या अंगाने सुमारे तीन एकरांचे पाणी एका ओघळीतून वाहून ओढ्याला मिळते. ते आम्ही अडवले. ओघळीच्या तोंडाशी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा पहिला खड्डा, ज्यात जड गाळ बसतो. त्यातून वरून सांडलेले पाणी दुसऱ्या, दोन मीटर लांब-रुंद-खोल अशा गाळण खड्ड्यात येते. हा विहिरीपासून तीन मीटरवर आहे. त्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू आहे, आणि तळातून सहा इंची पीव्हीसी पाइप विहिरीत सोडला आहे. विहिरीत पाइप भिंतीपासून दीड फूट पुढे काढावा, नाहीतर पडणाऱ्या पाण्याने बांधकाम ढासळते. जेसीबी ३,६००, खडी आणि वाळू ९,५००, पाइप व जोड ५,४०० आणि गवंडी ८,५००. असे पुनर्भरणाचे २७,००० रुपये झाले. भूवैज्ञानिकांचे शुल्क आणि गाळकाढणी धरून एकूण ५७,०००.

८ जूनला रात्री पहिला मोठा पाऊस आला. आम्ही दोघे बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो, आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून यजमानांचे डोळे भरून आले. सकाळी पाहिले तर पाणी लाल, गढूळ. नांगरलेल्या रानातली माती पहिल्या पावसात सुटून आली होती, आणि वाळूचा थर पाण्याच्या धारेने एका कोपऱ्यात सरकला होता. ही आमची चूक होती. वाळूवर जाळी आणि तिच्यावर दगड ठेवायला हवे होते, आणि पाइपाला बंद करण्याची सोय हवी होती. आता पाइपाच्या तोंडाला झाकण आहे. पहिले दोन-तीन पाऊस पाणी ओढ्याला जाऊ द्यायचे आणि शेत धुऊन निघाल्यावर झाकण काढायचे. युरिया टाकल्यावर किंवा औषध फवारल्यावर येणाऱ्या पहिल्या पावसातही ते बंद ठेवायचे.

या गोष्टीवर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण पुनर्भरणाच्या उत्साहात ती सहज विसरली जाते. माती पाणी गाळते ते हळूहळू झिरपताना. आपण पाइपाने थेट विहिरीत पाणी सोडतो तेव्हा मातीचे ते काम टाळत असतो, आणि घाण आत गेली तर ती एकट्या आपल्या विहिरीत राहत नाही. ऑगस्टमध्ये आम्ही पाण्याचा नमुना तपासला. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्यावी आणि नमुना त्याच दिवशी पोचवावा. नायट्रेट लिटरमागे ६२ मिलिग्रॅम निघाले. पिण्याच्या पाण्यासाठीची भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतूही सापडले. आमचा उकिरडा विहिरीपासून अवघ्या बारा मीटरवर होता आणि गोठ्याचे पाणी त्याच बाजूला मुरत होते. दोन पिढ्या आम्ही ते पाणी प्यायलो होतो. सप्टेंबरात उकिरडा शेताच्या खालच्या टोकाला नेला आणि गोठ्याचे पाणी नळीने केळीच्या वाफ्यात वळवले. फेब्रुवारी २०२५ च्या तपासणीत नायट्रेट ४८ आले. म्हणजे ते अजूनही मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे पिण्यासाठी आम्ही नळयोजनेचेच पाणी वापरतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत ४० मिलीमीटर पाऊस झाला आणि विहीर ९० सेंटीमीटर चढली. आमच्या व्यासाला एक मीटर उंची म्हणजे जवळपास ४५,००० लिटर पाणी, तेव्हा फक्त विहिरीतच ४०,००० लिटरांची भर पडली होती. तिसऱ्या दिवशी पाऊस नसताना पातळी अर्धा मीटर उतरली. त्याच संध्याकाळी तात्या बांधावर आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं पाणी माझ्याकडं आलंय. पाऊस थांबून तीन दिवस झाले, अन् माझी हीर चढतीच हाय."

त्यांच्या मनात संकोच होता, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात क्षणभर कसेसे झाले. पैसे आमचे आणि पाणी त्यांचे, असा विचार आलाच. पण मग २०१९ चे बोअर आठवले. त्या बोअरने ज्यांच्या विहिरीतले पाणी ओढले असेल, त्यांच्याकडे आम्ही कधी हिशेब द्यायला गेलो नव्हतो. मी घरातून नकाशा आणला आणि तात्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मग माझ्या वरल्या अंगाला मी खड्डा घेतला तर पुढं कुणाला?" पुढे त्यांच्या चुलत्यांची विहीर होती. दसऱ्यानंतर तात्यांनी स्वतःचे खड्डे घेतले, आणि घडलेल्या चुका आधीच सांगितल्यामुळे त्यांचे काम १९,००० रुपयांत झाले.

डिसेंबरात आम्ही सात जण अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन आलो. तेथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर बंद केले आहेत, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून मग पिके ठरवली जातात. परत येताना गाडीत फारसे कोणी बोलत नव्हते. १२ जानेवारीला आमच्या अंगणात अकरापैकी नऊ विहीरमालक जमले. नवे बोअर घ्यायचे नाही, फेब्रुवारीनंतर शेजारच्या दोन विहिरींच्या मोटारी एकाच दिवशी चालवायच्या नाहीत, आणि प्रत्येकाने महिन्याच्या एक तारखेला सकाळी उपशाआधी पातळी मोजायची, एवढे ठरले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आमच्या छोट्या शिवाराला महिन्याची नोंद अधिक उपयोगी वाटली. मोजायला काही लागत नाही. काठावर रंगाची एक खूण, तीस मीटरचा टेप आणि त्याच्या टोकाला बांधलेला नटबोल्ट. उसाचे सहा एकर ज्यांचे आहेत ते दोघे बैठकीला आले नव्हते. पुढे त्यातल्या एकाने तीन एकरांना ठिबक बसवले. दुसऱ्यांशी बोलणे चालू आहे. त्यांच्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि दुसऱ्या कोणत्या पिकाने ते फिटेल हे मला सांगता येत नाही, त्यामुळे आग्रह कितपत करावा हा प्रश्न मला पडतो.

आमच्या वहीतल्या नोंदी अशा : १ ऑक्टोबर २०२४ ला पाणी काठापासून २.३ मीटरवर, १ जानेवारीला ५.९, १ एप्रिलला ९.८ आणि १ मे २०२५ ला ११.२ मीटरवर. म्हणजे मे उजाडला तेव्हा तळात अडीच मीटर पाणी होते, आणि टँकर आणावा लागला नाही. हे सगळे पुनर्भरणामुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण २०२४ चा पाऊस चांगला होता. पाऊस २०२२ चाही चांगला होता, आणि तरी २०२३ च्या एप्रिलमध्ये मोटार अर्ध्या तासात हवा ओढू लागली होती. त्या वर्षीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत. सासरे पाणी कितव्या पायरीला आहे ते सांगत, पण कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून नेमकी तुलना करता येत नाही.

वाळू आणि खडी दरवर्षी काढून धुवावी लागते. हे काम आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवले होते, पण २०२५ मध्ये मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच राज्यात पोचला, आणि खड्ड्यावर गेल्या वर्षीच्या गाळाची पपडी तशीच होती. २६ मेला पावसाने दोन तासांची उघडीप दिली, तेव्हा तात्या, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघांनी मिळून वरचा वीतभर वाळूचा थर घमेल्यांनी बाहेर काढला. पाइपाचे झाकण बंदच होते. धुतलेली वाळू परत भरून, जाळी आणि दगड ठेवून ३० तारखेला झाकण काढले. यंदापासून वहीत १ मेच्या पानावर पातळीच्या नोंदीखाली 'वाळू धुणे' असे लिहून ठेवले आहे, आणि तात्यांच्या खड्ड्याची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशीची धरली आहे.